पाळीपाळीने दमणारा फ्लोअर : सोलापुरातील एका संगीत कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातील एका शनिवारी सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका लॉनवर, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, संगीताचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी डीजे म्हणून मला बोलावले होते. संध्याकाळी सात ते रात्री दहा अशा तीन तासांच्या त्या कार्यक्रमात आठ वाजून पाच मिनिटांनी फ्लोअरवर सव्वाशेच्या आसपास माणसे नाचत होती. आठ वीसला तेथे वीस-बावीस पोरे उरली. मधल्या पंधरा मिनिटांत वीज गेली नाही, गाणे अडकले नाही, कोणाचे भांडण झाले नाही आणि जेवणही सुरू झालेले नव्हते. गाणी सगळी नावाजलेली होती आणि त्यांचे जोडही स्वच्छ बसले होते. तरीही फ्लोअर रिकामा झाला. तो का झाला आणि नऊनंतर पुन्हा कसा भरला, हे तपासण्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

मी प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून ठेवतो. त्यामुळे कोणते गाणे कधी सुरू झाले, कोणत्या वेगाने वाजले आणि कुठे तोडले याची नोंद हाती होती. नंतर व्हिडिओवाल्याकडून चित्रीकरण मागून घेतले. त्याचा उंचावर बसवलेला एक कॅमेरा संपूर्ण फ्लोअर टिपत होता. दोन्ही शेजारी ठेवून दर पाच मिनिटांच्या अंतराने डोकी मोजली. ही मोजणी ढोबळ आहे, कारण कडेला उभे राहून नुसती मान हलवणाऱ्याला नाचणारा म्हणावे की बघ्या, हे मलाही ठरवता आले नाही. आवाजाचे आकडे मोबाइलमधील ॲपचे आहेत. ते ॲप प्रमाणित केलेले नसल्यामुळे त्यातील एकेका आकड्यावर विसंबता येत नाही. दोन आकड्यांमधील फरक मात्र बऱ्यापैकी भरवशाचा असतो, आणि येथे महत्त्व फरकालाच आहे.

मंडळी आणि मांडणी

वधूचे घर पूर्व भागातले, पद्मशाली समाजाचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वराकडची मंडळी बार्शी तालुक्यातील मराठी, आणि त्यांचे काही सोयरे अक्कलकोटच्या पलीकडून आलेले कानडी बोलणारे. सोलापूरच्या लग्नात या गोष्टीचे कोणालाच नवल वाटत नाही. एकाच पंगतीत तीन भाषा ऐकू येणे येथे रोजचेच आहे. डीजेच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा होतो की समोर एक जमाव नसून तीन जमाव असतात, आणि एकाच्या ओळखीचे गाणे दुसऱ्याच्या कानावरून नुसतेच जाते.

पाहुणे तीनशेच्या आसपास होते. फ्लोअर सुमारे तीस फूट बाय चाळीस फुटांचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन टॉप (मधल्या-वरच्या स्वरांचे स्पीकर) आणि अठरा इंचांचे दोन-दोन बेस (खालच्या स्वरांचे स्पीकर). डाव्या टॉपपासून पंधरा फुटांवर ज्येष्ठांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ही मांडणी मंडपवाल्याने दुपारी केली आणि मी ती पाहूनही हलवायला सांगितली नाही. ही माझी पहिली चूक. जेवण साडेआठला उघडणार आणि आवाज दहाला बंद होणार, हे दोन्ही आधीच ठरले होते. दहाची मर्यादा यजमानांच्या मर्जीवर अवलंबून नसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ तर रात्रीची ४५ डेसिबल आहे. शेवट ज्याच्या हाती नाही त्याने कार्यक्रमाची आखणी शेवटाकडून मागे करत आणायला हवी. मी ती सुरुवातीकडून केली होती.

पहिला तास

सात ते सात पन्नास या वेळात काही विशेष घडले नाही. वधूच्या मावसबहिणींची बसवलेली नृत्ये झाली, वराच्या भावांनी एक विनोदी प्रवेश केला, पेन ड्राइव्हवरचे एक गाणे चुकीच्या क्रमाने वाजले आणि सगळे हसले. सात पन्नासला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने फ्लोअर सर्वांसाठी मोकळा झाल्याचे सांगितले.

त्या क्षणी मी माझ्याकडचे सर्वांत मोठे गाणे लावले. महाराष्ट्रातील कोणत्याही लग्नात जे वाजल्याशिवाय मांडव उठत नाही असे ते मराठी गाणे. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला: पाच मिनिटांच्या आत सगळे उभे राहिले. त्यानंतर मिनिटाला १२४ ते १२८ ठोक्यांची चार हिंदी-पंजाबी गाणी मी एकापाठोपाठ एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता, जोडत नेली. १२८ च्या वेगाला बत्तीस ठोक्यांचा एक टप्पा बरोबर पंधरा सेकंदांत संपतो; मी दर चारेक मिनिटांनी गाणे बदलत होतो आणि प्रत्येक वेळी टप्प्याच्या तोंडावरच बदलत होतो. कारागिरी म्हणून त्या पंधरा-वीस मिनिटांत काढण्यासारखी खोट नाही. ध्वनिमुद्रण आज ऐकले तरी मला ते आवडते, आणि त्यामुळेच पुढे काय चुकले हे समजायला मला वेळ लागला.

आठ दहाच्या सुमारास गर्दी विरळ होऊ लागली. मी आवाज वाढवला. आठ तेराला आणखी वाढवला. नेमक्या याच वेळी, पाच मिनिटांच्या आत, दोन माणसे माझ्या टेबलाशी येऊन गेली. पहिले वधूचे मामा. ते म्हणाले, “अहो, हे जरा कमी करा की. आमच्या आईच्या छातीत धडधडायलंय.” दुसरा वराचा चुलतभाऊ, घामाने निथळलेला. तो म्हणाला, “अण्णा, अजून वाढवा ओ, मजा येईना.” मी मामांना मान डोलावली आणि चुलतभावाचे ऐकले. दोघे परस्परविरुद्ध मागण्या करत आहेत असे मला तेव्हा वाटले. दोघांची तक्रार एकच होती हे चित्रीकरण पाहताना लक्षात आले.

आठ वीसला फ्लोअरच्या मध्यभागी वीस-बावीस तरुणांचा एक घोळका उरला. आठ बावीसला वराच्या काकांनी एक जुने कोळीगीत मागितले. लग्नघरच्या काकांना नाही म्हणता येत नाही, म्हणून मी ते तत्काळ, चालू गाण्यावरच चढवले, आणि उरलेला घोळकाही पाय अडखळून थांबला. साडेआठला जेवण उघडले आणि मला लाज झाकायला निमित्त मिळाले.

काय चुकले

सर्वांत आधी आवाजाचा प्रश्न घेतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. ॲपच्या नोंदीनुसार सात पंचावन्न ते आठ पंधरा या वेळात आवाज नऊ डेसिबलने वाढला होता. नऊ डेसिबल म्हणजे ॲम्पकडून, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या यंत्राकडून, जवळपास आठपट शक्ती मागणे. कानाला मात्र तो आवाज दुपटीपेक्षाही थोडा कमीच वाढलेला भासतो. ॲम्पचे लाल दिवे लागले होते, म्हणजे लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सोय) प्रत्येक ठोक्याचे टोक छाटत होता. ज्या ठोक्याने पाय उचलला जातो त्याचीच धार गेली आणि उरला तो सपाट गोंगाट. कानाचेही तसेच होते. मोठा आवाज सलग ऐकला की कान काही काळासाठी बधिर होतो आणि तोच आवाज त्याला कमी वाटू लागतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील एनआयओएसएच ही संस्था ८५ डेसिबलला आठ तास अशी मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. “मजा येईना” म्हणणाऱ्या मुलाच्या कानाची ती पंधरा मिनिटे टॉपच्या तोंडाशी संपली होती, आणि मामांच्या आईची खुर्ची त्याच टॉपपासून पंधरा फुटांवर होती. एकाला बधिरपणामुळे कमी ऐकू येत होते, तर दुसरीला सोसवत नव्हते. दोघांवरचा उपाय एकच होता.

खुर्च्यांचा परिणाम मी मुळीच जमेस धरला नव्हता. चित्रीकरणात आठ अकराला आजींची खुर्ची मागे सरकताना दिसते. खुर्ची उचलायला दोन सुना फ्लोअरवरून उतरल्या. त्या परतल्या नाहीत आणि पुढच्या तीन मिनिटांत त्यांच्याबरोबर नाचणाऱ्या सात-आठ बायका कडेला गेल्या. आपल्याकडच्या लग्नात फ्लोअर बायकांच्या जोरावर टिकतो, असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे. बायका असल्या की मुले येतात, मुलांच्या मागे वडीलधारी येतात, आणि घोळका घट्ट होत नाही. बायका उतरल्या की मध्ये तरुणांचे वर्तुळ होते, ते उड्या मारू लागते, आणि एकदा तसे झाले की नऊवारीतली किंवा कांजीवरम नेसलेली बाई पुन्हा त्यात पाऊल टाकत नाही.

तरीही आवाज हे मूळ कारण नव्हते. मी आवाज वाढवला तो गर्दी कमी होऊ लागल्यानंतर. मूळ कारण त्याआधीचे आहे आणि ते डोकी मोजतानाच सापडले.

चित्रीकरणात ओळखू येतील अशी दहा-बारा माणसे निवडून त्यांचा माग काढला: लाल फेट्याचे काका, पिवळ्या साडीतील काकू, चष्म्याचा मुलगा. जवळपास प्रत्येक जण सलग तीन ते चार गाणी नाचला, म्हणजे बारा ते पंधरा मिनिटे, आणि मग पाण्याकडे गेला. यात नवल काही नाही. मे महिन्यात सोलापुरात दिवसा पारा चाळिशीपार जातो आणि रात्री आठलाही जमिनीतून वाफ येत असते. एरवी कोणी सात पन्नासला येतो, कोणी आठला, कोणी आठ दहाला. एक जण पाणी प्यायला जातो तेव्हा दुसरा ताजा असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फ्लोअर सतत भरलेला दिसतो. मी सर्वांत मोठे गाणे आधी लावून सगळ्यांना एकाच मिनिटाला उभे केले. एकदम उभे राहिलेले सगळे एकदमच दमले. सात पंचावन्न अधिक पंधरा म्हणजे आठ दहा. गर्दी विरळ होऊ लागल्याची माझी नोंद नेमकी तीच आहे.

माझे वडील यंत्रमागावर होते. कारखान्यात सगळे माग एकाच वेळी थांबले तर मालक धावत येतो, एरवी एखादा माग धागा तुटून थांबलेला असतोच आणि त्याकडे कोणी पाहतही नाही. गिरण्यांच्या या गावात पाळी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळते. मला ते फ्लोअरच्या बाबतीत कळायला एक रिकामा फ्लोअर लागला.

केरवा आणि दादरा

काकांच्या कोळीगीताचे प्रकरण वेगळे आहे आणि ते तांत्रिक असले तरी आपल्याकडच्या डीजेंना रोज भेडसावणारे आहे. डीजेची बहुतेक साधने चार ठोक्यांच्या संगीतासाठी घडली. हाऊस, टेक्नो, पंजाबी पॉप, हिंदी नाचगाणी ही सगळी चाराच्या अंगाने चालतात. तबल्याच्या भाषेत केरवा. मराठीतील कोळीगीते, बऱ्याच लावण्या आणि वरातीतील कितीतरी गाणी मात्र तिनाच्या अंगाने, दादऱ्यात किंवा खेमट्यात चालतात. दोन्हींचा मुख्य ठोका एका वेगाने पडला तरी ठोक्याच्या पोटातील विभागणी वेगळी असते: एकात दोन किंवा चार भाग, दुसऱ्यात तीन. ती दोन्ही गाणी एकमेकांवर आठ-दहा सेकंद चढली की नाचणाऱ्याच्या पायाला दोन निरनिराळे हुकूम मिळतात.

त्यात सॉफ्टवेअर भर घालते. तिनाच्या अंगाच्या गाण्याचा वेग मोजताना ते अनेकदा फसते. ज्या गाण्यावर माणूस मिनिटाला १०४ पावले टाकतो त्याचा वेग पडद्यावर १५६ असा, म्हणजे नेमका दीडपट दिसतो. जुनी गाणी तर वादकांनी एकत्र बसून वाजवलेली असतात. त्यांची लय मुखड्यात एक आणि कडव्याच्या शेवटी किंचित पुढे सरकलेली असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने आखलेली ठोक्यांची जाळी काही ओळींतच सुटते. त्या रात्री पडद्यावर मला १५६ दिसले, मी गाणे १२८ कडे ओढण्यासाठी जवळपास अठरा टक्क्यांनी संथ केले आणि काकांचे आवडते कोळीगीत पेंगत पेंगत सुरू झाले. काका सभ्य गृहस्थ होते; ते काही न बोलता जेवायला गेले.

दुरुस्ती

साडेआठ ते नऊ पाच या वेळात मी कोणालाही नाचायला बोलावले नाही. जेवताना नाचाचे गाणे मोठ्याने लावून लोकांना ताटावरून उठवण्याचा प्रयत्न अनेक डीजे करतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर असताना सोलापूरकर उठत नाही, आणि उठूही नये. आवाज इतका खाली आणला की दोन माणसांना शेजारी बसून बोलता यावे. आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर सर्वांत आधी ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या वक्ररेषांपासून हे ठाऊक आहे. म्हणून बेस किंचित उचलून ठेवला, अन्यथा मंद आवाजातील गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. जुनी हिंदी आणि मराठी गाणी, मधूनमधून एखादे तेलुगू, सगळी पूर्ण वाजवली. मंडपवाल्याच्या मुलांकडून ज्येष्ठांच्या खुर्च्या टॉपच्या मागच्या बाजूला, पस्तीस-चाळीस फुटांवर नेल्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, आणि टॉपच्या पाठीशी त्याहूनही अधिक. आजी तेथे बसून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होत्या.

याच अर्ध्या तासात कागदावर मागून पुढे आखणी केली. दहाला बंद. नऊ छप्पन्नला सर्वांनी मिळून म्हणायचे गाणे. नऊ अठ्ठेचाळीसला तेच मोठे मराठी गाणे, जे मी आधीच एकदा उधळले होते. त्याआधी तीन पाळ्या: मुले आणि त्यांच्या आया, मग वधूकडची तेलुगू मंडळी, मग वराकडची मराठी. कानडी सोयऱ्यांसाठी दोनच गाणी माझ्याजवळ होती. ती तेलुगू आणि मराठीच्या मध्ये ठेवली. काकांना ताटावर जाऊन सांगितले, “काका, तुमचं गाणं मघाशी बिघडवलं. साडेनवानंतर नीट लावतो, माणसं घेऊन या.” फर्माईश नाकारण्यापेक्षा तिला वेळ देणे बरे पडते, माणूस त्या वेळेला चार जणांना घेऊन येतो.

नऊ पाचला मुलांच्या आवडीचे गाणे, मिनिटाला ९६ ठोके. आठ-दहा मुले धावत आली, त्यांना आवरायला आया आल्या आणि तेथेच थांबल्या. पुढे ९६ वरून १००, मग १०४, मग १०८ अशी चढण ठेवली. प्रत्येक पायरी चार टक्क्यांच्या आसपास होती. एवढा फरक नाचणाऱ्याला वेग वाढल्यासारखा जाणवत नाही, पण पंधरा मिनिटांनी तो आपोआप अधिक हलू लागलेला असतो. स्वर तसाच ठेवून वेग बदलण्याची सोय चालू ठेवली होती. ती नसती तर दर सहा टक्क्यांना गाणे जवळपास एका अर्धस्वराने वर सरकले असते आणि गायिकेचा आवाज चिरका झाला असता. एकूण आवाज पहिल्या तासातील सुरुवातीच्या पातळीच्या वर जाऊ दिला नाही.

आवाज न वाढवता उसळी कशी आणायची, हा प्रश्न उरतो. त्यासाठी कडवे संपण्याआधी आठ आवर्तने बेस पूर्ण काढून घेतला. १०४ च्या वेगाला ही आठ आवर्तने, म्हणजे बत्तीस ठोके, साडेअठरा सेकंद चालतात. या काळात टाळी, हलगी आणि गाणाऱ्याचा आवाज एवढेच ऐकू येते, लोक नकळत ओळ म्हणू लागतात, आणि बेस परतला की मीटरवरचा काटा पूर्वीच्याच जागी असूनही अंगावर लाट आल्यासारखे वाटते. हे मी कोणाकडून शिकलो असेन तर वारकऱ्यांकडून. गजर वाढत वाढत टिपेला जातो, मग मृदंग एकदम थांबतो, नुसते नाम आणि टाळ उरतात, आणि मृदंगावर पुन्हा थाप पडते तेव्हा ज्याला नाचायचे नव्हते त्याचाही पाय उचलतो. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून ही गोष्ट डीजेच्या यंत्राच्या पुस्तिकेत शोधण्याची गरज नव्हती. आपली लेझीमही तशीच चालते: पहिले डाव संथ, मग म्होरक्याची शिटी, मग हलगीचा पलटा, आणि मध्ये असा एक डाव की ज्यात हाताला विसावा मिळतो.

नऊ वीसला वधूकडची पाळी. तिच्या भावाने माइक घेऊन तेलुगूत हाक दिली आणि तीनमारची, म्हणजे तेलुगू मंडळींच्या नाचाच्या ठेक्याची, तीन गाणी लागली. पद्मशाली घरातील आत्या-मामी पुढे आल्या, मुलांच्या आया पाण्याकडे गेल्या. चित्रीकरणात हा बदल स्पष्ट दिसतो: फ्लोअरवर माणसे सत्तर-ऐंशीच आहेत, पण त्यांतील निम्म्याहून अधिक नवी आहेत. नऊ तेहतीसला हलगीचा एक तुकडा एकटाच फिरवत ठेवला, तो तोडला, दोन ठोके पूर्ण शांतता, आणि काकांचे कोळीगीत मूळ वेगाने, पहिल्या स्वरापासून. एका गाण्यावर दुसरे चढवलेच नाही. काका सहा जणांना घेऊन आले होते. नऊ अठ्ठेचाळीसला मोठे गाणे लागले तेव्हा तिन्ही पाळ्यांतील लोक कमी-अधिक ताजे होते, आणि मोजणी एकशे चाळीसच्या पुढे गेली. ते गाणे त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा वाजत आहे, याची कोणी तक्रार केली नाही.

शंका

हे सगळे माझ्या आखणीमुळे झाले, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नऊनंतर हवा थोडी निवली होती. लोक जेवलेले होते आणि घरी निघण्याआधी एकदा नाचून घ्यावे असे पुष्कळांना वाटतेच. दहाला बंद होणार हे ठाऊक असले की शेवटची पंधरा मिनिटे कोणत्याही डीजेची चांगली जातात. आवाज, खुर्च्या, वेग आणि पाळ्या अशा चार गोष्टी मी एकदम बदलल्या, त्यामुळे कशाच्या वाट्याला किती श्रेय द्यावे हे एका संध्याकाळवरून सांगता येत नाही. माझा कल पाळ्यांकडे आहे, कारण माणसे बदलल्याचे चित्रीकरणात डोळ्यांनी दिसते. आवाजाच्या परिणामाचा तेवढा थेट पुरावा नाही.

पाळ्यांची पद्धतही निर्दोष नव्हती. तेलुगू पाळी, तिच्यामागची दोन कानडी गाणी धरून, बारा-तेरा मिनिटे चालली आणि त्या वेळात वराकडचे काही लोक खुर्च्यांवर बसून मोबाइल पाहत होते. एका घराला मान दिला की दुसऱ्या घराचे लक्ष घड्याळाकडे जाते, आणि लग्नात ही गोष्ट गाण्यापेक्षा नाजूक असते. जमावच एकरंगी असेल, उदाहरणार्थ कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, तर पाळ्या कशा पाडायच्या याचे उत्तर या प्रकरणातून मिळत नाही.

एक चूक मात्र खूप उशिरा, ध्वनिमुद्रण तिसऱ्यांदा ऐकताना सापडली. तीनमार आणि कोळीगीत यांच्यामध्ये मी कानडी पाहुण्यांसाठीची चाराच्या अंगाची दोन गाणी ठेवली होती, कारण तेलुगूकडून मराठीकडे जाताना मोठी उडी पडेल अशी माझी समजूत होती. माझ्याकडची तीनमारची ती तिन्ही गाणी तिनाच्याच अंगाने चालतात, अगदी काकांच्या कोळीगीतासारखी. शेवटच्याचा वेग मिनिटाला १०६ आणि कोळीगीताचा १०४. ती एकमेकांवर सरळ चढली असती, मध्ये हलगीचा तुकडा फिरवून तोडावाही लागला नसता, आणि आत्या-मामी फ्लोअरवर असतानाच काका आपली सहा माणसे घेऊन त्यांच्यात मिसळले असते. कानडी गाणी आणखी आधी, मुलांच्या पाळीच्या शेपटीला, चालून गेली असती. गाण्यांच्या वहीत भाषेनुसार केलेले रकाने मी आता खोडले असून त्या जागी केरवा आणि दादरा असे दोन रकाने आखले आहेत.